सद्हेतूचे प्रक्षेप

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दी व्याख्यानमालेत बोलण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी पुन्हा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. ‘सर, आपण मराठीचे प्राध्यापक. आहार आणि आरोग्य यांविषयीच्या संशोधनाचे वृत्तान्त, हा विषय आपला कसा?’ त्यांची शंका रास्त होती. मी वैद्य नाही, आहारशास्त्रज्ञ नाही, आणि आपण काय खावे वा काय वर्ज्य करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच पाहायचे आहे की, प्रयोगशाळेतून निघालेले एखादे वाक्य नियतकालिकातून, वृत्तपत्रातून, व्याख्यानातून प्रवास करीत आपल्या ताटापर्यंत येते तेव्हा वाटेत त्याचे काय होते. ताट माझा विषय नसेल, पण वाक्य हा माझा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका प्रमादामुळे, आणि तो प्रमाद माझाच आहे. वीस-एक वर्षांपूर्वी याच वास्तूत जिन्याखाली जे भित्तिपत्रक लागत असे, त्यातील आरोग्यविषयक मजकूर काही काळ मी लिहीत असे. एकदा मेथीदाणे आणि मधुमेह यांसंबंधीच्या एका अभ्यासाचा इंग्रजी वृत्तान्त माझ्या वाचनात आला. मजकूर मला फार आवडला. महागड्या औषधांच्या काळात आपल्या स्वयंपाकघरातील डब्यात उपाय सापडावा, याचे समाधान वाटले आणि थोडा अभिमानही वाटला. मी त्याचा मराठी सारांश लिहून लावला. काही आठवड्यांनी आमच्या गल्लीतील एका निवृत्त गृहस्थांच्या पत्नी घरी आल्या. त्या गृहस्थांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. काकूंच्या हातात माझ्या मजकुराची त्यांनी उतरवून घेतलेली प्रत होती. ‘हे तुम्हीच लिहिलंय ना? हे म्हणतात, प्राध्यापकांनी लिहिलंय, मग गोळ्या कशाला? तीन आठवडे गोळी घेतली नाही. काल रुग्णालयात ठेवावं लागलं.’ सुदैवाने अण्णा चार-पाच दिवसांत घरी परतले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मूळ वृत्तान्त आणि माझा मजकूर शेजारी शेजारी ठेवून मी वाचले. मुळात ‘काही रुग्णांमध्ये’ असे होते. माझ्या मजकुरात ‘मधुमेहींना’ झाले होते. मुळात ‘चालू औषधांच्या जोडीने’ असे होते. ते माझ्याकडे गळालेच होते. मुळात ‘साखर कमी झाल्याचे आढळले’ असे होते; माझ्याकडे ‘साखर आटोक्यात येते’ असे ठाम विधान होते. मी एकही गोष्ट खोटी रचली नव्हती. तीन ठिकाणी केवळ किंचित हात फिरवला होता, आणि तोही लोकांचे भले व्हावे म्हणून.

या ‘हात फिरवण्या’ला आमच्या पाठचिकित्सेत एक जुना शब्द आहे : प्रक्षेप. ग्रंथाच्या नकला करताना लेखनिक जी भर घालतो ती. प्रक्षेप म्हटले की आपल्याला लबाडी आठवते. पण हस्तलिखितांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ठाऊक आहे की, पुष्कळसे प्रक्षेप भक्तिभावाने झालेले असतात. ग्रंथावर प्रेम असणारा नकलाकार एखादा अवघड शब्द सोपा करतो, एखादी संदिग्ध ओळ आपल्या श्रद्धेला अनुकूल अशी स्पष्ट करतो, कधी स्वतःची ओवीही जोडतो. ज्ञानेश्वरीचे असेच झाले होते. म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथमहाराजांनी तिचे पाठशुद्धीचे कार्य केले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये असा कडक इशाराही देऊन ठेवला. लक्षात घ्या, हा इशारा ज्ञानेश्वरीच्या शत्रूंना नव्हता. शत्रू ओव्या जोडण्याचे कष्ट कशाला घेईल? तो इशारा भक्तांना होता.

आहार आणि आरोग्य यांविषयीच्या संशोधनात नेमका हाच प्रकार घडतो, असे २०१० साली दोन संशोधकांनी साधार दाखवून दिले. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाचे मार्क कोप आणि डेव्हिड ॲलिसन यांनी लठ्ठपणाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहून या दोषाला नाव दिले. त्याचे मराठी रूप ‘पांढऱ्या हॅटचा पूर्वग्रह’ असे करता येईल. जुन्या अमेरिकन चित्रपटांत सज्जन नायक पांढरी हॅट घालत असे आणि खलनायक काळी. (आपल्याकडे पांढऱ्या टोपीचा इतिहास निराळा आहे, त्यात मी शिरत नाही.) तात्पर्य असे की, पैशासाठी वा स्वार्थासाठी केलेला विपर्यास आपण ओळखतो; पण सत्कार्यासाठी केलेला विपर्यास सज्जनाच्या टोपीखाली झाकला जातो.

त्यांनी घेतलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील क्राइस्टचर्च या गावी सहा प्राथमिक शाळांतील सात ते अकरा वर्षे वयाच्या ६४४ मुलांवर एक प्रयोग झाला होता. त्याचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या वर्गांतील मुलांना बाटलीबंद फसफसणारी पेये कमी करण्याविषयी वर्षभर अधूनमधून पाठ दिले गेले. वर्षाअखेर ज्या वर्गांना पाठ दिले नव्हते त्यांतील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण ७.५ टक्क्यांनी वाढले, तर पाठ दिलेल्या वर्गांत ते ०.२ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष आनंददायक होता. पण त्याच निबंधात दुसरेही एक मोजमाप होते : उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा जो निर्देशांक असतो, त्याच्या सरासरीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मूळ संशोधकांनी दोन्ही गोष्टी प्रांजळपणे छापल्या होत्या. पुढे काय झाले? कोप आणि ॲलिसन यांनी हा निबंध आणि त्याच विषयावरील आणखी एक निबंध पुढच्या लेखकांनी कसा उद्धृत केला ते तपासले. एक-तृतीयांशाहून कमी लेखांत त्यांचा निष्कर्ष यथातथ्य सांगितलेला आढळला. उरलेल्यांत बहुतेकांनी पुरावा होता त्याहून बळकट करून मांडला होता. पहिले मोजमाप पुढे आले, दुसरे वाटेत गळाले. माझ्या भित्तिपत्रकातून ‘चालू औषधांच्या जोडीने’ हे शब्द गळाले, तसेच.

येथे दोन गोष्टी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल, नाहीतर मीही तेच करीन. एक अशी की, यांपैकी ॲलिसन यांचे खाद्य आणि पेय उद्योगांशी आर्थिक संबंध होते. ते त्यांनी लेखातच नोंदवले होते, आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले. तेव्हा त्यांचा लेखही त्याच तराजूत घातला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, साखरयुक्त पेयांविरुद्धचा पुरावा पुढे खरोखरच बळकट झाला. २०१२ साली नेदरलँड्समधील ६४१ मुलांवरील एका काटेकोर प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना रोज साखरेचे पेय आणि काहींना तशाच चवीचे बिनसाखरेचे पेय दिले होते. कोणाला कोणते, हे मुलांना ठाऊक नव्हते. दीड वर्षात बिनसाखरेचे पेय घेणाऱ्या मुलांचे वजन कमी वाढले. म्हणजे मधल्या काळातील लेखकांना जे सिद्ध व्हावेसे वाटत होते, ते बऱ्याच अंशी योग्यच होते. तेव्हा त्यांचे चुकले काय? त्यांनी निकाल लागण्यापूर्वीच निकालपत्र वाटले. परीक्षेचा निकाल पुढे तसाच लागला, म्हणून आधी वाटलेले निकालपत्र खरे ठरत नाही.

आता हे दूरदेशीचे उदाहरण सोडून मी आपल्या शहराकडे येतो. तार्नाक्याजवळची राष्ट्रीय पोषण संस्था आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली ही संस्था १९५८ साली हैदराबादेत आली. सद्हेतूच्या प्रक्षेपाचे विसाव्या शतकातील एक फार मोठे प्रकरण उलगडण्यात या संस्थेचा आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेल्या एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा महत्त्वाचा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते १९५१ पासून सुमारे दोन दशके प्रमुख होते.

प्रकरण असे. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधील मुलांचा एक आजार वर्णिला. अंगावर सूज, त्वचेचे पापुद्रे, केसांचा रंग उडालेला. स्थानिक भाषेतील त्याचे नाव क्वाशिओरकोर. आपल्याकडील पुस्तकांत त्याला सुजवटी म्हटले आहे. आहारातील प्रथिनांच्या कमतरतेमुळे तो होत असावा, असे अनुमान पुढे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक संस्थांनी त्याची पाहणी केली, १९५५ साली प्रथिनविषयक सल्लागार गट स्थापन झाला, आणि हळूहळू अनुमानाचा सिद्धान्त झाला, सिद्धान्ताचे संकट झाले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांचा जो अहवाल निघाला, त्याच्या शीर्षकातच येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा उल्लेख होता. माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढवलेले यीस्ट अशा उपायांवर संशोधनाचे श्रम आणि पैसा खर्ची पडू लागला. हे सारे करणारी माणसे कोणी नफेखोर नव्हती. मुले मरत होती, आणि त्यांना वाचवण्याची त्यांना तळमळ होती. पण ‘असावा’चे ‘आहे’ कधी झाले, हे त्या तळमळीत कोणाच्या ध्यानात आले नाही.

हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी गरीब वस्त्यांतील मुलांची पाहणी करीत होते. सुजवटी झालेली मुले आणि केवळ हाडांचा सापळा उरलेली, म्हणजे सुकटी झालेली मुले, यांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा म्हणावा तसा फरक त्यांना दिसेना. एकाच प्रकारचे अन्न, एकाच प्रकारची वस्ती, आणि आजार मात्र दोन. या मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नव्हते. सुखात्मे आकड्यांच्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून १९७०च्या सुमारास त्यांनी दाखवले की, आपला नेहमीचा भाकरी-भात-वरणाचा आहार भूक भागेल एवढा मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांना बहुधा अन्नच कमी पडलेले असते. आणि अन्न कमी पडले की शरीर प्रथिनेच सरपणासारखी जाळते. अशा मुलाला माशांची भुकटी देणे म्हणजे चूल पेटवायला देवघराचे चंदन घालण्यासारखे आहे.

पुढे १९७३ साली जागतिक तज्ज्ञसमितीच्या अहवालात प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले गेले, आणि कागदावरची प्रचंड तूट बव्हंशी कागदावरच नाहीशी झाली. १९७४ साली बैरूत येथे काम केलेले डॉ. डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून या साऱ्या प्रकरणाची फजिती म्हणून संभावना केली. १९७७ साली तो सल्लागार गटही विसर्जित झाला. मॅक्लॅरेन यांचे दुःख आकड्यांपुरते नव्हते. प्रथिनांच्या मागे धावताना सुकटीने झिजणाऱ्या, त्याहून कितीतरी अधिक मुलांकडे दुर्लक्ष झाले, हे त्यांचे दुःख होते. सद्हेतूने केलेली अतिशयोक्ती निरुपद्रवी नसते. तिची किंमत कोणीतरी मोजतच असते, आणि बहुधा ज्याच्या भल्यासाठी ती केली जाते तोच मोजतो.

एका मराठी माणसाने जगाला चूक दाखवली, असे म्हणून येथे टाळ्या घेणे मला सोपे होते. पण कथा येथे संपत नाही. निवृत्तीनंतर पुण्यास आलेल्या सुखात्म्यांनी पुढे असा सिद्धान्त मांडला की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसेंदिवस कमीअधिक होत असते आणि शरीर एका मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेहून कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे अशास्त्रीय आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यात विचारार्ह मुद्दा होता. पण मोजपट्टी खाली आणली की उपाशी माणसांची संख्याही खाली येते. यावर पुण्यातच वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला, आणि ज्यांचे निष्कर्ष पूर्वी सुखात्म्यांशी जुळले होते, ते गोपालनही विरोधात उभे राहिले. कमी अन्नाशी जुळवून घेतलेले खुरटे शरीर निरोगी कसे म्हणावे, आणि गरिबाला एक माप व श्रीमंताला दुसरे का, असा गोपालन यांचा सवाल होता. सुखात्म्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेऊ नये. स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांकडेही लक्ष जावे, अशी त्यांची तळमळ होती. परंतु ज्याने दुसऱ्याचा प्रक्षेप ओळखला, त्याच्याही सिद्धान्ताची तपासणी व्हावी लागते आणि झाली, हे या कथेतील मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान आहे.

प्रक्षेप दोन प्रकारचे असतात : एक भर घालण्याचा, दुसरा गाळण्याचा. गाळण्याचे एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. मराठवाडा एके काळी याच हैदराबाद संस्थानाचा भाग होता. तेथून येऊन येथे स्थायिक झालेल्या अनेक घरांना करडईचे तेल परके नाही. हृदयाला हितकर म्हणून या तेलाची नंतर शहरांतूनही वाखाणणी झाली. करडईच्या तेलाचीच कसोटी पाहणारा एक प्रयोग १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झाला. नुकताच हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाच्या आहारात प्राणिज चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचे मार्गारीन दिले. त्या गटातील १७.६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील ११.८ टक्के. एकूण मृत्यूंची ही नोंद १९७८ साली छापली गेली. पण त्यांपैकी हृदयविकाराने किती गेले, हा तपशील छापला गेला नाही. त्यामुळे पुढे या विषयाचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांच्या हिशेबात हा प्रयोग बव्हंशी धरलाच गेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी माहिती मिळवून २०१३ साली तो तपशील प्रसिद्ध केला. हृदयविकाराचे मृत्यूही तेलाच्या गटातच अधिक होते.

कृपा करून घरी जाऊन करडईच्या तेलाची बरणी रिकामी करू नका! एका प्रयोगावरून तेल दोषी ठरत नाही. त्या आहारात मार्गारीनही होते, आणि अन्य प्रयोगांचे निष्कर्ष निराळे आहेत. कोणी हेतुपुरस्सर तपशील दडवला, असे म्हणण्यास आधार नाही. माझे म्हणणे एवढेच की, हाच निष्कर्ष उलटा, म्हणजे सर्वांना हव्या असलेल्या बाजूने आला असता, तर त्याला पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली असती काय? नकोसे वाटणारे सत्य खोटे ठरवावे लागत नाही. त्याची नक्कल करणारा लेखनिक मिळाला नाही, की ते पोथीतच राहते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो मला दुर्लक्षिण्यासारखा वाटत नाही. कोणी म्हणेल, ‘प्राध्यापक, समोर साखर विकणारे आहेत, तंबाखू विकणारे आहेत. त्यांच्याजवळ पैसा आहे, जाहिराती आहेत. १९६०च्या दशकात अमेरिकेतील साखर उद्योगाने पैसे देऊन आपल्या सोयीचा आढावा प्रसिद्ध करवला, हे २०१६ साली कागदपत्रांनिशी उघड झाले. अशांशी लढताना सज्जनांनी प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ आणि ‘काही अंशी’ जोडत बसायचे काय? लोकांना स्पष्ट बोललेले कळते.’

माझे उत्तर असे. स्पष्ट बोलणे वेगळे आणि जास्त बोलणे वेगळे. ‘साखरेची पेये मुलांनी शक्य तेवढी टाळावीत’ हा सल्ला स्पष्ट आहे आणि तो द्यायला काहीच हरकत नाही. ‘अमुक प्रयोगाने हे सिद्ध झाले’ हे विधान मात्र सल्ला नाही, ती साक्ष आहे. आणि साक्षीदाराचा हेतू कितीही चांगला असला तरी न पाहिलेले पाहिले असे त्याला सांगता येत नाही. शिवाय व्यापाऱ्याजवळ पैसा आहे, सज्जनाजवळ केवळ विश्वास आहे. व्यापाऱ्याचे एक खोटे उघडकीस आले तर तो दुसरी जाहिरात देतो. सज्जनाची एक अतिशयोक्ती उघडकीस आली, तर लोक त्याच्या पुढच्या दहा खऱ्या गोष्टीही ऐकत नाहीत. आज एक पदार्थ अमृत, उद्या तोच विष, असे वाचून वाचून ‘या डॉक्टरांचे काही खरे नाही’ असे म्हणणारे कितीतरी लोक आपल्या घरीदारी आहेत. ती अश्रद्धा अडाणीपणातून आलेली नाही. आपण सज्जनांनी ती पेरली आहे.

प्रामाणिकपणे सांगूनही ध्येयनिष्ठ राहता येते, याचे एक उदाहरण देतो. १८९३ साली मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टराने प्रिटोरियात न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला. लंडनच्या शाकाहारी मंडळाचा तो कार्यकर्ता होता, आणि त्या मंडळातील धुरीण या आहाराचा पुरस्कार करीत होते. दोनेक आठवड्यांत अशक्तपणा जाणवू लागला आणि प्रयोग थांबवावा लागला. गांधींनी काय करावे? ज्या चळवळीवर त्यांची निष्ठा होती, तिच्याच लंडनमधील नियतकालिकात १८९४ साली त्यांनी दिवसवार हकीकत प्रसिद्ध केली : काय खाल्ले, काय त्रास झाला, कधी सोडले. शाकाहारावरची त्यांची श्रद्धा जन्मभर टिकली. तिला या प्रांजळपणाने तडा गेला नाही. श्रद्धा आणि अहवाल या दोन वह्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या.

शेवटी आपल्या ग्रंथालयाविषयी. शंभर वर्षे या संस्थेने परभाषिक प्रदेशात मराठी वाचक घडवला. वाचक घडवणे म्हणजे पुस्तके देणे-घेणे एवढेच नव्हे. पाठ तपासण्याची सवय लावणे हेही त्यातच येते. आरोग्याविषयीचा कोणताही मजकूर हाती आला, मग तो वृत्तपत्रातील असो की भ्रमणध्वनीवर स्नेह्याने धाडलेला असो, तर आपण चार प्रश्न विचारावेत. प्रयोग किती जणांवर आणि किती काळ झाला? तो माणसांवर झाला की उंदरांवर? मुळात ‘आढळले’ असे आहे की ‘होते’ असे? आणि चौथा प्रश्न, जो सर्वांत कठीण आहे : हा निष्कर्ष मला आवडतो म्हणून तर मी तो तपासण्याचे टाळत नाही ना? न आवडणाऱ्या गोष्टीची शहानिशा आपण सगळेच करतो. आवडत्या गोष्टीची शहानिशा करणारा, तोच खरा वाचक.

अण्णा रुग्णालयातून परतल्यावर मी भित्तिपत्रकावर दुरुस्ती लावली. आधीच्या मजकुरातील तिन्ही चुका क्रमाने लिहिल्या आणि खाली स्वतःचे नाव घातले. अण्णा काठी टेकीत आले, चष्मा सावरून उभ्यानेच सारे वाचले आणि म्हणाले, ‘चांगलं केलंत, सर. पण खरं सांगू? पहिलं वाचणारे सगळेच हे वाचणार नाहीत.’ ते बरोबर बोलत होते. दुरुस्तीला मूळ मजकुराएवढे वाचक कधीच मिळत नाहीत. म्हणून जे काही करायचे ते पहिल्याच वेळी, लेखणी उचलताना करायला हवे. अण्णा आज हयात नाहीत. वार्धक्याने, तृप्त वयात ते गेले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या दुरुस्तीची, थोड्या उशिराने लावलेली, दुसरी प्रत आहे असे समजावे.